माळ्यावरचा व्हिडिओ गेम : संग्रह, खरेदी आणि दुरुस्ती

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जी अडगळ खाली उतरते, तिच्यात अनेक घरांत एक धुळकट खोका हमखास निघतो. आत पांढऱ्या-लाल किंवा काळ्या प्लॅस्टिकचे एक यंत्र, वायरी गुंडाळून ठेवलेले दोन रिमोट, एखादी प्लॅस्टिकची बंदूक आणि रबरबँडने बांधलेल्या चार-दोन कॅसेट असतात. १९९०च्या दशकात मराठी घरांतील मुलांनी टीव्हीच्या पडद्यावर जी पहिली वस्तू स्वतःच्या हाताने हलवली, ती याच यंत्राच्या साहाय्याने. बहुतेक वेळा हा खोका भंगारवाल्याच्या गाडीवर जातो. मात्र, गेल्या काही वर्षांत असे जुने व्हिडिओ गेम शोधणाऱ्या, विकत घेणाऱ्या आणि दुरुस्त करून पुन्हा चालू करणाऱ्या हौशी संग्राहकांचा एक वर्ग जगभर तयार झाला असून, महानगरांपुरता मर्यादित न राहता तो लहान शहरांतही दिसू लागला आहे.

या छंदाची चर्चा होते तेव्हा डोळ्यांपुढे येतात ते अमेरिकेतील लिलाव. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' या खेळाची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला विकली गेली आणि पुढच्याच महिन्यात 'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या एका प्रतीला २० लाख डॉलर मिळाले. या आकड्यांचा आपल्याकडील खोक्याशी काहीही संबंध नाही. धाराशिव जिल्ह्यातील बेंबळीसारख्या गावात, उन्हाळ्याच्या सुटीत मुंबई-पुण्याहून आलेल्या भावंडांच्या सामानातून जे यंत्र पोहोचले, ते जवळजवळ नेहमीच जपानी यंत्राची विनापरवाना नक्कल होते. बाजारात त्याची किंमत फारशी येणार नाही. तरीही ते जपण्याजोगे आहे आणि त्याची कारणे त्याच्या रचनेतच आहेत.

कॅसेटचा जन्म

घरगुती व्हिडिओ गेमचा आरंभ १९७२ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' या यंत्रापासून मानला जातो. राल्फ बेअर हे त्याचे जनक. खेळ वेगळ्या चिपवर साठवून ती चिप प्लॅस्टिकच्या डबीतून यंत्रात बसविण्याची पद्धत १९७६ मध्ये 'फेअरचाइल्ड चॅनेल एफ'ने रूढ केली. ते यंत्र तयार करणाऱ्या चमूचे नेतृत्व जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याने केले होते. इंग्रजीत या डबीला कार्ट्रिज म्हणतात. मराठी मुलांनी मात्र तिला सरळ 'कॅसेट' म्हटले आणि आजही जुन्या बाजारात हाच शब्द चालतो.

१५ जुलै १९८३ रोजी जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'फॅमिली कॉम्प्युटर' अर्थात 'फॅमिकॉम' हे यंत्र बाजारात आणले. मासायुकी उएमुरा यांनी त्याची रचना केली होती. १९८५ पासून अमेरिकेत हेच यंत्र 'एनईएस' या नावाने विकले गेले. दोन्ही यंत्रांचे अंतरंग जवळजवळ सारखे असले, तरी एक महत्त्वाचा फरक होता. अमेरिकी यंत्रात विनापरवाना कॅसेट अडविणारी 'कुलूप चिप' होती, तर जपानी यंत्रात ती नव्हती. अमेरिकी कॅसेटला ७२ पिना, तर जपानी कॅसेटला ६० पिना होत्या. कुलूप नसलेल्या या ६० पिनांच्या यंत्राचीच पुढे आशियाभर नक्कल झाली.

नक्कल यंत्रांचा प्रवास

तैवानमधील कारखान्यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात फॅमिकॉमच्या मुख्य चिपच्या प्रतिकृती बनविल्या. पुढे या सर्व चिपचे काम एकाच सिलिकॉनच्या तुकड्यात सामावले गेले आणि यंत्र अत्यंत स्वस्त झाले. रशियात १९९२ पासून 'डेन्डी' या नावाने ते लाखो घरांत पोहोचले. भारतात 'सामुराई', 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी ते आले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या मिताशी कंपनीनेही टीव्हीला जोडायचे असे खेळ विकले.

अस्सल माल भारतात का आला नाही, याचे उत्तर आयातकरात आहे. १९९५ मध्ये सेगा कंपनीने 'मेगा ड्राइव्ह' या १६ बिटच्या यंत्रासाठी शॉ वॉलेस या भारतीय कंपनीशी वितरणाचा करार केला. त्या वेळी अशा यंत्रांवर ८० टक्के आयातशुल्क होते आणि यंत्राची किंमत १८ हजार रुपयांच्या घरात होती. मध्यमवर्गीय कुटुंबाला ती परवडणे शक्यच नव्हते. त्यामुळे अस्सल यंत्र परदेशातील नातेवाइकांच्या बॅगेतून येई आणि बाकीच्यांच्या वाट्याला नक्कल येई. पुढच्या दशकात प्लेस्टेशनच्या रूपाने अस्सल यंत्रे रीतसर दुकानांत दिसू लागली, तेव्हा कॅसेटचा काळ संपला होता.

या नकलांचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात घेतले जात नाही. जपान व अमेरिकेतील टीव्ही सेकंदाला ६० चित्रे दाखवीत, तर भारतातील पॅल पद्धतीचे टीव्ही ५०. जपानी खेळांचा वेग चित्रांच्या संख्येला बांधलेला असल्याने, पॅल पद्धतीसाठी बनविलेल्या बहुतेक नक्कल यंत्रांवर तेच खेळ सुमारे एक षष्ठांश संथ चालत. उडीही संथ आणि संगीतही संथ. टोकियोतील मुलाने खेळलेला मारिओ आणि आपल्याकडील मुलाने खेळलेला मारिओ यांच्या चालीत असा फरक होता. आज संगणकावर हेच खेळ चालविले असता 'हे काही तसे वाटत नाही' असे अनेकांना जाणवते, त्यामागे केवळ वय नव्हे, तर हे तांत्रिक कारणही असते. तो मूळ अनुभव पाहायचा, तर ते यंत्रच चालू स्थितीत असावे लागते.

काय जमवावे?

प्रत्येक गोष्ट जमविणे कोणालाही शक्य नाही. म्हणून अनुभवी संग्राहक आरंभीच एक मर्यादा आखून घेतात. कोणी एकाच कंपनीची यंत्रे जमवितो, कोणी हातात धरून खेळायची यंत्रे, तर कोणी भारतात विकल्या गेलेल्या नकला.

नकलांच्या संग्रहात कॅसेटला विशेष महत्त्व आहे. खोक्यावर 'लाखो खेळ' छापलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मोजकेच खेळ असत. तेच खेळ निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू करून किंवा किरकोळ बदल करून यादी फुगवलेली असे. या कॅसेटच्या यादीचा पडदा, त्यावरील चित्र आणि संगीत कोणी बनविले, याची नोंद सहसा सापडत नाही. 'बॅटल सिटी', 'सर्कस चार्ली', 'रोड फायटर' हे फॅमिकॉमवरील खेळ अमेरिकेतील एनईएसवर कधी आलेच नाहीत. मराठी मुलांना मात्र ते तोंडपाठ होते. 'बॅटल सिटी' तर आपल्याकडे 'टँकचा गेम' म्हणूनच ओळखला गेला. भारतीय बालपणाची ही यादी अमेरिकी संग्राहकांच्या पुस्तकांत सापडणार नाही.

त्यानंतरच्या काळातील संग्रहासाठी प्लेस्टेशन २ हे यंत्र महत्त्वाचे आहे. 'हनुमान : बॉय वॉरियर' (२००९) हा संपूर्णपणे भारतात तयार झालेला त्यावरील पहिला खेळ. त्याच वर्षी आलेल्या 'देसी अड्डा'मध्ये कबड्डी, पतंगबाजी यांसारखे देशी खेळ होते. मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' २०१० मध्ये आला. या डिस्क मुख्यतः भारतीय बाजारासाठीच निघाल्या असल्याने त्या जपून ठेवण्याची जबाबदारीही भारतीय संग्राहकांवरच येते.

खरेदी करताना

मुंबईत डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजे जुना लॅमिंग्टन रोड, आणि मटण स्ट्रीटचा चोरबाजार, तसेच पुण्यात रविवारी व बुधवारी भरणारा जुना बाजार ही अशा वस्तूंची परिचित ठिकाणे. ऑनलाइन बाजारातही त्या विकायला येतात. मात्र सर्वांत चांगल्या वस्तू अनेकदा ओळखीच्या घरांतूनच, मूळ खोक्यासह आणि पावतीसह मिळतात.

खरेदीपूर्वी पुढील बाबी तपासाव्यात. यंत्र टीव्हीला जोडून किमान पंधरा मिनिटे चालवून पाहावे. तापल्यावर बंद पडणारे यंत्र सुरुवातीची दोन मिनिटे निर्दोष दिसते. दोन्ही रिमोटची सर्व बटणे दाबून पाहावीत. आवरणावर '१६ बिट' छापले आहे किंवा आकार मेगा ड्राइव्हसारखा आहे, एवढ्यावर विश्वास ठेवू नये. आत ८ बिटचेच यंत्र असलेल्या नकला विपुल आहेत. कॅसेटच्या पिना मोजणे हा सोपा उपाय आहे. ६० पिना असतील तर ती फॅमिकॉम घराण्यातील आणि ६४ असतील तर मेगा ड्राइव्हची.

अस्सल म्हणून जादा किंमत मागितली जात असेल, तर कॅसेट उघडून दाखविण्याचा आग्रह धरावा. अस्सल कॅसेटमध्ये साधारणतः पाय असलेल्या चौकोनी चिप आणि निर्मात्याचे नाव छापलेला सर्किट बोर्ड दिसतो. नकलेत बहुधा बोर्डाच्या मध्यभागी काळ्या डांबरासारखा गोल ठिपका असतो. हा नियम मात्र निरपवाद नाही. जपानच्या काही अस्सल कॅसेटमध्येही असा ठिपका आढळतो. विक्रेता उघडू देण्यास तयार नसेल, तर ती वस्तू नक्कल समजूनच किंमत ठरवावी. नक्कल विकत घेण्यात फसवणूक नसते, नक्कल अस्सलच्या भावाने घेण्यात असते.

वीजपुरवठा : पहिली खबरदारी

जुनी यंत्रे बिघडण्यामागे काळापेक्षा चुकीचा अडॅप्टर अधिक वेळा कारणीभूत असतो. जपानी फॅमिकॉमला १० व्होल्टचा डीसी पुरवठा लागतो आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. आजच्या बहुतेक अडॅप्टरमध्ये तो धन असतो. अमेरिकी एनईएसचा अडॅप्टर तर ९ व्होल्टचा एसी असतो आणि तो फॅमिकॉमला लावल्यास यंत्र जळू शकते. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टच्या विजेसाठी बनलेला असल्याने तो आपल्याकडील २३० व्होल्टला थेट जोडणे धोक्याचे आहे. म्हणून प्रथम यंत्रावरील खूण वाचावी, मल्टिमीटरने अडॅप्टरचे व्होल्ट व ध्रुव तपासावेत आणि मगच बटण दाबावे.

ग्रामीण भागातून आलेल्या यंत्रांबाबत ही तपासणी अधिक आवश्यक ठरते. मराठवाड्यातील गावांनी दीर्घकाळ भारनियमन आणि विजेचा कमी-अधिक होणारा दाब सोसला. स्वस्त अडॅप्टरमध्ये दाब स्थिर ठेवण्याची सोय नसे. घरातील वीज वाढली की यंत्राकडे जाणारे व्होल्टही वाढत आणि आतील '७८०५' हा नियंत्रक तापून निकामी होई. हा सुटा भाग अतिशय स्वस्त असून आजही सहज मिळतो. 'जळाले' म्हणून टाकून दिलेली कित्येक यंत्रे एवढ्या एका भागाने पुन्हा चालू होतात.

फुंकर आणि कॅसेट

कॅसेट चालली नाही की ती काढून तिच्यावर फुंकर मारायची, हा त्या पिढीचा सार्वत्रिक उपाय होता. वास्तविक त्यात गुण फुंकरीचा नव्हता. कॅसेट काढून पुन्हा बसविल्याने पिनांचा स्पर्श नव्या जागी होई आणि खेळ सुरू होई. उलट, फुंकरीतील ओलाव्याने तांब्याच्या पिना कालांतराने काळवंडत.

योग्य पद्धत साधी आहे. कानकाडीच्या कापसाला ९० टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसाव्यात. कापूस स्वच्छ निघेपर्यंत ही क्रिया करावी आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट बसवावी. फारच डाग असल्यास पेन्सिलीचा मऊ खोडरबर हलक्या हाताने चालवावा. शाईचा खरबरीत खोडरबर किंवा सँडपेपर वापरल्यास वरचा पातळ मुलामा निघून जातो आणि कॅसेट कायमची खराब होते.

अंतर्गत दुरुस्ती

यंत्र उघडण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढून ठेवावे. निन्टेन्डोच्या अस्सल कॅसेटना विशिष्ट आकाराचे स्क्रू असतात. त्यासाठी ३.८ मिलिमीटरचा खास पेचकस लागतो. नकलांना सहसा साधे स्क्रू असतात.

चित्रात आडव्या लाटा किंवा आवाजात गुणगुण येत असेल, तर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकले असण्याची शक्यता असते. पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर उन्हाळ्याची झळ सोसलेल्या यंत्रांत हा दोष लवकर येतो. कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवावा, व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा अधिक असावा आणि ध्रुव उलटे होऊ देऊ नयेत.

रिमोटची बटणे काम करत नसतील, तर आतील रबराच्या गादीखालचा काळा कार्बनचा थर झिजलेला असतो. बोर्ड पुसून भागले नाही, तर रबर बदलावे लागते. नकलांच्या रिमोटची ९ पिनांची जोडणी सेगाच्या रिमोटसारखी दिसते, पण आतील तारांची मांडणी निराळी असते. त्यामुळे एकाचा रिमोट दुसऱ्याला लावून पाहू नये.

काळ्या ठिपक्याखालील चिप निकामी झाली, तर मात्र दुरुस्ती होत नाही. दुसऱ्या मोडक्या यंत्रातील बोर्ड बसविणे एवढाच पर्याय उरतो. म्हणूनच संग्राहक मोडकी यंत्रेही टाकून देत नाहीत.

काही अस्सल कॅसेटमध्ये खेळाची प्रगती जपण्यासाठी बटणासारखी बॅटरी असते. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेला 'द लिजेंड ऑफ झेल्डा' हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. या बॅटऱ्या दोन-तीन दशकांत संपतात. बॅटरी काढताक्षणी जपलेली प्रगती पुसली जाते, हे ध्यानात ठेवावे. नवी 'सीआर २०३२' बॅटरी बसविताना पत्र्याचे पाय आधीच जोडलेली घ्यावी. बॅटरीवर थेट डाग देणे धोक्याचे असते.

पिवळे पडलेले आवरण पांढरे करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांचा प्रयोग २००८ पासून लोकप्रिय झाला. त्याने रंग उजळतो, पण पिवळेपणा परत येऊ शकतो. हातमोजे व चष्मा न घालता हा प्रयोग करू नये. ज्या आवरणावर दुकानाचे लेबल किंवा मुलाने कोरलेले नाव आहे, ते तसेच ठेवलेले उत्तम. तो त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे.

पडद्याचा प्रश्न

ही यंत्रे काचेच्या फुगीर नळीच्या टीव्हीसाठी बनली होती. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र दिसले, तरी अनेकदा ते उशिरा उमटते आणि उडीची वेळ चुकते. 'डक हंट'ची बंदूक तर त्यावर चालतच नाही. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि तो प्रकाश बंदूक टिपते. ही सारी वेळ जुन्या टीव्हीच्या किरणांशी जुळवलेली आहे. म्हणून जुना चालू टीव्ही मिळाल्यास तो सोडू नये. मात्र तो स्वतः उघडू नये. पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो. हे काम जुन्या टीव्ही मेकॅनिककडेच सोपवावे. तालुक्याच्या गावांत असे जाणकार अजून भेटतात, पण त्यांची संख्या घटत आहे.

कायदा आणि कचरा

भारतात संगणकीय प्रणालीला १९५७च्या प्रताधिकार कायद्याचे संरक्षण आहे. वैध प्रत बाळगणाऱ्याला ती हरवू वा बिघडू नये म्हणून जादा प्रत करून ठेवण्याची मुभा कायदा देतो. इंटरनेटवरून खेळ उतरवून घेणे किंवा नक्कल कॅसेट नव्याने बनवून विकणे या मुभेत बसत नाही. जी यंत्रे खरोखरच निरुपयोगी झाली, ती उघड्यावर जाळू वा फेकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत व्हिडिओ गेमचाही समावेश आहे. ती अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावीत.

जपण्याचे कारण

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले, की तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत. ही स्थिती अस्सल, नोंदणीकृत खेळांची आहे. ज्यांचा निर्माता अज्ञात, ज्यांच्या खोक्यावरील नाव खोटे आणि ज्यांची अधिकृत यादी कोणाकडेच नाही, अशा आपल्याकडील नकलांची चिंता कोणतीही कंपनी वाहणार नाही.

म्हणून संग्राहकाचे पहिले काम खरेदी नव्हे, तर नोंद हे आहे. यंत्राचे नाव, खोक्यावरील मजकूर, कोणत्या गावातून आणि साधारण कोणत्या वर्षी घेतले, किती रुपयांना, कॅसेटमध्ये कोणते खेळ आहेत, हे एका वहीत लिहून ठेवावे. यंत्र कोरड्या जागी, सुती कापडात गुंडाळून ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. वर्षातून एकदा ते चालवून पाहावे. बेंबळीतील घराच्या माळ्यावर असो किंवा पुण्यातील सदनिकेच्या कपाटात, भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी खोका एकदा उघडून पाहायला हवा. वजनकाट्यावर त्याचे जे चार पैसे येतील, त्यांत ही माहिती धरलेली नसते आणि यंत्र एकदा गेले की ती सांगणाराही फार काळ उरत नाही.